मूळव्याध : अंगावर काढू नये असे दुखणे

गुदद्वाराच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या जन्मापासून प्रत्येकाला असतात. त्या फुगून सैल झाल्या, खाली घसरू लागल्या आणि रक्त, खाज किंवा मोड अशा रूपाने त्रास देऊ लागल्या, की त्या अवस्थेला मूळव्याध म्हणतात. म्हणजे हा बाहेरून आलेल्या जंतूचा आजार नव्हे, की शरीरात नव्याने उगवलेली गाठही नव्हे. जागच्या जागी असलेल्या आणि एरवी उपयोगी पडणाऱ्या भागाचा तो बिघाड आहे. मराठीत याला मोड येणे, कोंब येणे असेही म्हणतात. आयुर्वेदात तो अर्श, हिंदीत बवासीर आणि दवाखान्यात पाइल्स. नागपुरात हे सगळे शब्द चालतात. घरात मात्र यातला एकही सहसा तोंडातून निघत नाही. रक्त दिसते, माणूस गप्प बसतो आणि दुखणे अंगावर काढतो. या आजारातली बरीचशी गुंतागुंत मुळात या गप्प बसण्यातून वाढते.

गाद्या कशासाठी असतात

मोठ्या आतड्याच्या टोकाला गुदनलिका असते, जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीची. तिच्याभोवती स्नायूंची दोन कडी असतात आणि ती दार मिटून धरतात. पण नुसत्या स्नायूंनी ते दार पूर्ण मिटत नाही. उरलेली फट आतल्या अस्तराखालच्या तीन गाद्या भरून काढतात. यातली एक डावीकडे असते आणि दोन उजवीकडे; उजवीकडच्या दोघींपैकी एक पुढे, एक मागे. विश्रांतीच्या वेळी गुदद्वार बंद ठेवणाऱ्या दाबापैकी सुमारे १५ ते २० टक्के दाब या गाद्यांचा असतो. खोकताना, शिंकताना त्या रक्ताने भरतात आणि दार घट्ट मिटते. शौचाच्या वेळी त्या रिकाम्या होऊन वाट मोकळी करून देतात.

पूर्वी मूळव्याध म्हणजे पायावरच्या फुगलेल्या शिरांसारखा शिरांचा विकार, असे समजले जात असे. १९७५ साली इंग्लंडमधले सर्जन थॉमसन यांनी या गाद्यांची बारकाईने पाहणी करून दाखवले, की त्या सगळ्यांनाच असतात आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू झिजले की त्या खाली सरकतात. आजचे बरेचसे उपचार या समजुतीवर उभे आहेत. गाद्या मुळापासून उपटणे हा त्यांचा हेतू नसतो. त्या आकसून पुन्हा आपल्या जागी चिकटाव्यात, एवढे साधायचे असते.

गुदनलिकेच्या साधारण मध्यावर एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला वेदना जवळजवळ कळत नाही. खालच्या भागावर मात्र बोटाच्या टोकासारखी संवेदनशील त्वचा असते. रेषेच्या वर होते ती आतली मूळव्याध, खाली होते ती बाहेरची. एवढे ध्यानात घेतले की रुग्णांना पडणारे एक मोठे कोडे सुटते. आतल्या मूळव्याधीतून भांडेभर रक्त दिसले तरी दुखत नाही, आणि बाहेरच्या मूळव्याधीत वाटाण्याएवढी गुठळी झाली तरी बसवत नाही.

मूळव्याध का होते

कुंथणे हे सर्वांत ओळखीचे कारण. पोट साफ होत नाही म्हणून माणूस श्वास रोखतो, पोटाचे स्नायू आवळतो आणि जोर लावतो. त्या वेळी पोटातला दाब वाढतो आणि गाद्यांमधून रक्त माघारी फिरू शकत नाही. गाद्या टम्म फुगतात, वरून येणारा कडक मल त्यांना घासत आणि खाली ढकलत जातो. एखाद्या दिवशी असे झाले तर काही बिघडत नाही. रोज सकाळी होत राहिले, की आधाराचे तंतू हळूहळू सैल पडतात. वारंवार जुलाब होणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो. वय वाढते तसे हे तंतू आपोआपही ढिले होतात. गरोदरपणात गर्भाशयाचा भार, संप्रेरकांमुळे मंदावलेले आतडे आणि लोहाच्या गोळ्यांमुळे होणारा मलावरोध हे तिन्ही एकत्र येतात. त्यामुळे शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांना मूळव्याध होते. त्यातली बरीचशी पुढे आपोआप शमते.

नागपूरच्या हवेचाही यात वाटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शरीरातले पाणी घामावाटे निघून जाते आणि ते भरून काढण्यासाठी मोठे आतडे मलातले पाणी अधिक शोषून घेते. मल कोरडा, खड्यासारखा होतो. बाजारात, बांधकामावर, ऑटोवर दिवस काढणाऱ्या माणसाला वेळेवर पाणी मिळत नाही. कामाच्या जागी स्वच्छ स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक स्त्रिया तर मुद्दाम कमी पाणी पितात. तहान आणि शौचाची हाक, दोन्ही दाबून ठेवण्याची किंमत पुढे मोजावी लागते.

ताटही बदलले आहे. विदर्भाच्या जुन्या जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण हे रोजचे होते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच मैद्यात किंवा पॉलिशच्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. हे तंतू पचत नाहीत, आणि हाच त्यांचा उपयोग. ते पाणी धरून ठेवतात, मल मऊ आणि भरीव करतात. भाकरीच्या जागी पाव, नूडल्स आणि बिस्किटे आली की मलाचा हा मऊपणा जातो.

शौचालयात किती वेळ बसायचे हा प्रश्न मोबाइलने नव्याने उभा केला आहे. कमोडवर बसल्यावर गुदभागाला खालून आधार नसतो आणि गाद्या लोंबत्या राहतात. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात १२५ प्रौढांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. शौचालयात मोबाइल वापरणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी अधिक आढळली. पाहणी लहान होती, पण तिच्यातला धडा साधा आहे : काम झाले की उठावे.

तर्रीचा दोष किती

नागपुरात मूळव्याधीचा विषय निघाला की बोट आधी तिखटाकडे जाते. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला सावजी रस्सा, सकाळच्या पोह्यांवरची लालभडक तर्री आणि भिवापूरची मिरची ही या शहराची ओळख आहे, आणि दुखण्याचे खापरही त्यांच्यावरच फुटते. मिरचीतले तिखट द्रव्य काही अंशी न पचता गुदद्वारापर्यंत पोहोचते. जिभेला आग जाणवणारी ग्राहके तिथल्या त्वचेतही असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी आग होते. पण आग होणे वेगळे आणि मूळव्याध होणे वेगळे.

या प्रश्नाची रीतसर तपासणी झालेली आहे. २००६ मध्ये इटलीतल्या सर्जनांनी मूळव्याधीच्या रुग्णांना एकदा मिरचीची कॅप्सूल आणि एकदा तशीच दिसणारी तिखट नसलेली कॅप्सूल दिली. रक्त, दुखणे, खाज, सूज यांत फरक आढळला नाही. त्याच सुमारास नागपूरचे सर्जन डॉ. प्रवीण गुप्ता यांनी दुसरा प्रश्न विचारला : शस्त्रक्रियेनंतर, जखम ओली असताना तिखट खाल्ले तर काय होते? २००७ मध्ये सर्जरीच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिरची घेतलेल्या रुग्णांत वेदना आणि आग स्पष्टपणे जास्त होती. पुढच्या वर्षी त्यांनी गुदद्वाराला चीर पडलेल्या रुग्णांवर असाच अभ्यास केला. तिथेही मिरचीने त्रास वाढला.

दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. तिखटाने मूळव्याध होते असे दिसत नाही, पण चीर असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर तिखट जखमेला झोंबते. निरोगी माणसाच्या ताटात तर्रीपेक्षा तिच्या शेजारी काय नाही हे पाहणे जास्त महत्त्वाचे. रात्री उशिरा मटण-रस्सा आणि भात, सोबत ना भाकरी, ना कोशिंबीर, ना पुरेसे पाणी, असे जेवण असेल तर दुसऱ्या दिवशीच्या मलावरोधाला एकटी मिरची कारण नसते.

लक्षणे आणि पायऱ्या

आतल्या मूळव्याधीचे पहिले लक्षण बहुधा रक्त. ते लालभडक असते, मलात मिसळलेले नसते. मलाच्या वरून ओघळलेले दिसते, शौचानंतर थेंब-थेंब पडते किंवा भांड्यात पिचकारीसारखे उडते. गाद्यांमध्ये धमन्या आणि शिरा थेट जोडलेल्या असल्यामुळे त्याचा रंग ताज्या रक्ताचा असतो. दुसरे लक्षण मोड, म्हणजे शौचाच्या वेळी बाहेर येणारा मऊ भाग. त्यासोबत चिकट स्राव, कपड्याला डाग, खाज आणि पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना असू शकते.

मोड किती खाली येतात यावरून चार पायऱ्या ठरवतात. पहिल्या पायरीत रक्त पडते, पण बाहेर काही येत नाही. दुसरीत कुंथताना मोड बाहेर येतात आणि आपोआप आत जातात. तिसरीत ते बोटाने आत ढकलावे लागतात. चौथीत ते बाहेरच राहतात. उपचार बऱ्याच अंशी या पायरीवरून ठरतो.

बाहेरच्या मूळव्याधीत रक्त साखळून गुठळी झाली तर अचानक निळसर, टणक, अतिशय दुखणारी गाठ हाताला लागते. पहिले दोन-तीन दिवस वेदना सर्वाधिक असतात, नंतर त्या ओसरत जातात. पहिल्या ७२ तासांत सर्जनकडे गेल्यास जागा बधिर करून गुठळी काढता येते आणि लगेच आराम पडतो.

रोज थोडे-थोडे रक्त गेल्याचे चटकन ध्यानात येत नाही. महिनोन्‌महिने असे होत राहिले की शरीरातले लोह संपते. जिना चढताना धाप लागते, चेहरा फिका पडतो, काम रेटत नाही. विदर्भात अशक्तपणाची कारणे अनेक आहेत. आहारातले कमी लोह, मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव आणि सिकलसेलसारखा आनुवंशिक आजार ही त्यांतली काही. म्हणून एखादी बाई फिकी दिसली की शौचावाटे रक्त जाते का हा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि ती स्वतः सांगत नाही. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा आणि घरच्यांनीही.

प्रत्येक रक्त मूळव्याधीचे नसते

लोक ज्याला मूळव्याध म्हणतात ते अनेकदा दुसरेच काही असते. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखे दुखत असेल आणि नंतर तासभर ठणकत असेल, तर ती बहुधा गुदद्वाराची चीर, म्हणजे फिशर असते. आयुर्वेदात तिला परिकर्तिका म्हणतात. गुदद्वाराजवळ छोटे तोंड असलेली पुळी वारंवार येऊन पू वाहत असेल तर तो भगंदर असू शकतो. दोन्हींचे उपचार मूळव्याधीपेक्षा वेगळे आहेत, आणि तिन्हींसाठी मेडिकल दुकानातून तेच मलम नेल्याने काही साधत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही रक्ताच्या रूपानेच पहिल्यांदा दिसू शकतो. रक्त गडद किंवा मलात मिसळलेले असणे, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलणे, पुनःपुन्हा जावेसे वाटूनही पोट रिकामे न होणे, वजन घटणे, कारण नसताना रक्त कमी होणे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीने आतड्याची तपासणी करून घ्यावी. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला पहिल्यांदाच रक्त दिसले तरीही हेच करावे. लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो, त्यात घाबरण्यासारखे नसते. गोळ्या चालू नसताना डांबरासारखा काळा, चिकट मल झाला तर मात्र रक्त पोटातून, वरच्या भागातून येत असण्याची शक्यता असते. त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीची भीती

अनेक जण तपासणीच्या लाजेपायी वर्षे घालवतात, म्हणून ती कशी होते हे माहीत असावे. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे छातीकडे घेऊन झोपवतात. पडदा ओढलेला असतो. स्त्री रुग्णासोबत परिचारिका किंवा नातलग थांबते. डॉक्टर आधी बाहेरून पाहतात, मग बधिर करणारी जेली लावलेल्या बोटाने आत गाठ आहे का ते चाचपतात. त्यानंतर प्रॉक्टोस्कोप नावाची बोटाएवढी नळी आत सरकवून, उजेड टाकून ती हळूहळू बाहेर घेतात. नळी मागे येते तशा गाद्या तिच्या तोंडात उतरतात आणि कोणती किती फुगली आहे ते दिसते. दाबल्यासारखे वाटते, पण दोन-तीन मिनिटांत सगळे आटोपते. चीर असून फार दुखत असेल तर डॉक्टर त्या दिवशी नळी घालत नाहीत.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत अर्शोयंत्राचे वर्णन आहे : गाईच्या सडाच्या आकाराची, चार अंगुळे लांब नळी. तिच्यातून मोड पाहून त्यांवर उपचार करत.

उपचार : भाकरीपासून शस्त्रक्रियेपर्यंत

पहिल्या पायरीतल्या आणि दुसऱ्या पायरीतल्या बऱ्याच रुग्णांना आहार आणि सवयी बदलून आराम पडतो. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत. भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या, पेरू हे त्यासाठी पुरेसे. नागपूरचे संत्रे रस काढून पिण्यापेक्षा फोडींच्या सालपटासकट खाल्ले तर त्यातले तंतू वाया जात नाहीत. इसबगोल घेतल्यास भरपूर पाण्यासोबत घ्यावे, नाहीतर तेच अडकून बसते. तंतूंचा हा परिणाम अभ्यासांनी तपासलेला आहे. ३७८ रुग्णांच्या सात चाचण्या एकत्र पाहिल्यावर तंतू घेणाऱ्यांत रक्तस्राव सुमारे निम्म्यावर आलेला दिसला. मात्र त्यासाठी काही आठवडे नेट धरावा लागतो.

दुखत असेल तर टबात कोमट पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटे बसावे, दिवसातून दोन-तीन वेळा. त्याने आवळलेले स्नायू सैल पडतात. स्टेरॉइड असलेली मलमे डॉक्टरांना न विचारता आठवड्याहून जास्त लावू नयेत, त्याने त्वचा पातळ होते.

एवढ्याने भागले नाही तर बाह्यरुग्ण विभागातच होणारे उपाय आहेत. त्यांत रबर बँड लावणे सर्वांत रुळलेले आहे. १९६३ मध्ये बॅरन या सर्जनांनी त्याचे सोपे उपकरण प्रचारात आणले. गादीच्या वरच्या टोकाला, दातेरी रेषेच्या वर, छोटे रबरी कडे बसवतात. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि आठ-दहा दिवसांत तो गळून पडतो. जागा वेदना न कळणारी असल्यामुळे भूल लागत नाही. इंजेक्शन देऊन गादी आकसवणे हा दुसरा मार्ग.

तिसऱ्या-चौथ्या पायरीला, किंवा वरच्या उपायांना दाद न देणाऱ्या मूळव्याधीला शस्त्रक्रिया करावी लागते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलेली मोड कापून काढण्याची पद्धत आजही वापरली जाते. तिच्यात आजार उलटण्याचे प्रमाण कमी, पण पहिले आठ-दहा दिवस वेदना जास्त. इटलीच्या लोंगो यांनी १९९० च्या दशकात आणलेली स्टेपलरची पद्धत कमी दुखते, पण तिच्यानंतर मोड पुन्हा येण्याची शक्यता अधिक असते. लेझरही उपलब्ध आहे. 'लेझर म्हणजे कायमचा इलाज' हा जाहिरातीतला दावा मात्र खरा मानू नये. कोणती पद्धत योग्य हे पायरी, वय आणि इतर आजार पाहून ठरते.

आयुर्वेदाची वाट

सुश्रुतसंहितेत अर्शाच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे आणि चार उपाय सांगितले आहेत : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. पैकी क्षारसूत्राची पद्धत विसाव्या शतकात नव्याने उभी राहिली. काशी हिंदू विद्यापीठातले प्रा. पी. जे. देशपांडे यांचा त्यात मोठा वाटा होता. मजबूत धाग्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून २१ लेप देऊन तो वाळवतात. भगंदराच्या मार्गात हा धागा ओवतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. मार्ग हळूहळू कापला जातो आणि मागून भरत येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत त्याची चाचणी घेतली. १९९१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दिवस लागले, पण भगंदर उलटण्याचे प्रमाण कमी राहिले. काही प्रकारच्या मोडांवरही क्षारसूत्र बांधतात. ते प्रशिक्षित शल्यवैद्याच्या हातूनच झाले पाहिजे.

खात्रीशीर इलाजाच्या पाट्या

'मूळव्याध-भगंदराचा खात्रीशीर इलाज, बिना ऑपरेशन' अशा पाट्या गावोगावी आणि रस्त्याकडेच्या भिंतींवर दिसतात. लाजेपायी मोठ्या दवाखान्यात न जाणारा माणूस तिथे जातो. तिथे कधी काय भरले आहे ते न सांगता इंजेक्शन टोचतात, कधी दाहक द्रव्य लावतात. मोड गळून पडल्यासारखे वाटते. पण द्रव्य चुकीच्या जागी, चुकीच्या प्रमाणात गेले तर आतले अस्तर जळते, गुदद्वार आकसते आणि मल धरून ठेवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यावसायिक कायद्यानुसार नोंदणी नसताना असा व्यवसाय करणे गुन्हा आहे. उपचार करणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

नागपुरात जाण्याजोगी ठिकाणे कमी नाहीत. १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांचे 'मेडिकल', इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे 'मेयो', आणि मिहानमधले एम्स इथे सर्जरीचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तपासणीत कर्करोगाची शंका आली तर जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था शहरालगतच आहे.

उपचारानंतर

बँड लावला, मोड कापले, रक्त थांबले, तरी गाद्या खाली ढकलणारी सवय तशीच राहिली तर त्रास पुन्हा येऊ शकतो. म्हणून बरे झाल्यावरही भाकरी-भाजी आणि पाणी सोडू नये. शौचाची हाक आली की टाळू नये. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट ठेवला तर गुडघे वर येतात, शौचाचा मार्ग सरळ होतो आणि कमी जोर लावावा लागतो. पाच-सात मिनिटांत उठावे. बरे झाल्यानंतर कधी पुन्हा रक्त दिसले, तर 'जुनीच मूळव्याध' म्हणून ते सोडून देऊ नये. ते नव्याने तपासून घ्यावे.